ग्रीक योगर्ट स्वयंपाकात वापरताना: कधी घालायचे, किती घालायचे आणि ते फाटते का

उकळत्या टोमॅटो सॉसमध्ये दोन चमचे ग्रीक योगर्ट, म्हणजे गाळून घट्ट केलेले दही, घालून ढवळले, की मिनिटाभरात सॉसभर पांढरे बारीक कण दिसू लागतात आणि कडेने पाणी सुटते. तेच योगर्ट, तोच सॉस, पण गॅस बंद करून दोन-तीन मिनिटे थांबून घातले, तर सॉस मऊ, मलईदार होतो आणि तसाच राहतो. साहित्य एकच, प्रमाण एकच. बदलली ती फक्त घालण्याची वेळ.

ग्रीक योगर्ट कशाकशात घालता येते याच्या याद्या हव्या तितक्या सापडतात. मेयोनीजऐवजी घाला, क्रीमऐवजी घाला, लोण्याऐवजी घाला, असे त्या सांगतात. कधी घालायचे, किती घालायचे आणि घातल्यावर ते आत जाऊन काय करते, हे मात्र बहुधा सांगायचे राहून जाते. मग एखाद्या दिवशी सॉस फाटतो, एखाद्या दिवशी केक चिवट होतो, आणि अर्धा डबा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात पडून राहतो. मला हे फार खटकते, कारण हा पदार्थ खरोखर गुणी आहे. त्याचा स्वभाव एकदा नीट कळला की यादी हातात घेऊन स्वयंपाक करावा लागत नाही.

पाणी गेले, प्रथिने राहिली

दही लागते तेव्हा दुधात नेमके काय होते, तिथून सुरुवात करू. लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हे दोन प्रकारचे जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरून लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधातले मुख्य प्रथिन म्हणजे केसिन. ताज्या दुधात केसिनचे अतिसूक्ष्म गोळे एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात, म्हणून दूध पातळ असते. आंबटपणा वाढून पीएच (आंबटपणाचे माप) ४.६ च्या आसपास आला की हे ढकलणे थांबते. गोळे एकमेकांना चिकटतात, त्यांचे जाळे बनते आणि पाणी, स्निग्धांश, उरलेली साखर सगळे त्या जाळ्यात अडकून बसते. दह्याचा घट्टपणा तो हाच.

हे दही बारीक कापडातून किंवा यंत्राने गाळले, की ओला स्पंज हलकेच पिळावा तसे त्यातून हिरवट-पिवळसर आंबट पाणी बाहेर येते. त्याला व्हे म्हणतात. व्हेबरोबर थोडी साखर, थोडे आम्ल आणि थोडे कॅल्शियम निघून जाते. केसिन मात्र जाळ्यातच राहते. म्हणून १ किलो ग्रीक योगर्ट करायला साधारण ३ ते ४ लिटर दूध लागते. साध्या दह्यात १०० ग्रॅममागे ३.५ ते ५ ग्रॅम प्रथिने असतात, ग्रीक योगर्टमध्ये ९ ते १० ग्रॅम. पाणी मात्र वाटते तितके कमी झालेले नसते. पूर्ण स्निग्धांशाच्या योगर्टमध्ये ते सुमारे ८१ टक्के असते, बिनस्निग्धांशाच्या योगर्टमध्ये सुमारे ८५ टक्के. म्हणजे चमचा उभा राहील इतके घट्ट योगर्टही पाच भागांतले चार भाग पाणीच असते, आणि ते पाणी केवळ त्या जाळ्याच्या भरवशावर आत थांबलेले असते. जाळे मोडले की पाणी सुटते. पुढे जे जे सांगणार आहे ते बहुतेक सगळे या एका गोष्टीभोवती फिरते.

डबा उचलताना घटकांची ओळ वाचावी. दूध आणि जिवाणूंची विरजणे, एवढेच लिहिलेले असेल तर घट्टपणा गाळण्यातून आलेला आहे. कॉर्नस्टार्च, जिलेटिन, पेक्टिन किंवा दुधाची पावडर असे शब्द दिसले, तर पाणी पुरेसे न गाळता ते दाट केलेले आहे. ‘ग्रीक स्टाइल’ असे लिहिलेल्या डब्यांत हे पुष्कळदा दिसते. ब्रिटनमध्ये तर या नावावरून फागे आणि चोबानी या दोन कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. तिथल्या ग्राहकांना ‘ग्रीक योगर्ट’ म्हणजे ग्रीसमध्ये गाळून केलेले योगर्टच अपेक्षित असते, असा निकाल २०१३ मध्ये लागला आणि २०१४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. दाट केलेले योगर्ट वाईट असते असे नाही. फळांबरोबर ते छान लागते, आणि त्यातला स्टार्च तर कधीकधी फायद्याचाच ठरतो. पण कापडात घालून आणखी घट्ट करायचे असेल, किंवा प्रथिनांच्या हिशेबाने घ्यायचे असेल, तर गाळलेलेच घ्यावे. आणि स्वयंपाकासाठी व्हॅनिलाच्या स्वादाचे किंवा साखर घातलेले योगर्ट चालत नाही, हे सांगायला नको.

घरी करायचे असेल तर अगदी सोपे आहे. चाळणीवर मलमलीचे कापड दुहेरी घालायचे, खाली भांडे ठेवायचे, साधे बिनसाखरेचे दही त्यात ओतायचे आणि सगळे फ्रिजमध्ये ठेवायचे. दोन ते चार तासांत दही जवळपास निम्मे उरते आणि ग्रीक योगर्टसारखे घट्ट होते. रात्रभर ठेवले तर चक्का मिळतो, ब्रेडवर चीजसारखा पसरवता येण्याइतका. फ्रिजबाहेर टांगून ठेवले तर जिवाणूंचे काम चालू राहते आणि योगर्ट नको तितके आंबट होते.

आच आणि योगर्ट

सगळ्यात जास्त योगर्ट वाया जाते ते गॅसवर, म्हणून इथे जरा थांबू.

योगर्टमधले केसिन आधीच आम्लामुळे एकमेकांना चिकटलेले असते. उष्णता मिळाली की ते आणखी घट्ट आवळले जाते आणि जाळ्यातले पाणी पिळून बाहेर टाकते. आवळलेल्या प्रथिनाच्या गुठळ्या म्हणजेच सॉसमध्ये दिसणारे ते कण. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांनी आम्ल वाढते तेव्हा हे लवकर होते. जास्त मिठानेही होते. जोराने उकळले तर फार लवकर होते. स्निग्धांश मात्र उलट काम करतो. त्याचे कण प्रथिनांच्या मधेमधे बसतात आणि त्यांना सहज एकत्र येऊ देत नाहीत. म्हणून गरम पदार्थासाठी बिनस्निग्धांशाचे योगर्ट ही सगळ्यात अवघड निवड आहे, आणि दुर्दैवाने पुष्कळ जण नेमके तेच घेतात. शिजवायच्या पदार्थात निदान ५ टक्के स्निग्धांशाचे योगर्ट घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. १०० ग्रॅममागे ते ९५ ते १०० कॅलरींचे असते, बिनस्निग्धांशाचे ६० च्या आसपास. दोन-तीन चमच्यांत हा फरक नगण्य आहे, चवीत आणि पोतात मात्र पुष्कळ आहे.

आता फाटू नये म्हणून काय करायचे. पहिला आणि सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे योगर्ट शेवटी घालणे. गॅस बंद करा, पातेले खाली उतरवा, उसळ्या पूर्ण थांबू द्या. योगर्ट फ्रिजमधून आधीच काढून ठेवलेले असावे, म्हणजे ते गारठलेले नसेल. एका वाटीत ते चमच्याने घोटून एकजीव करा. मग पातेल्यातला गरम रस एक डाव घेऊन त्या वाटीत घाला आणि फेटा. आणखी एक डाव, पुन्हा फेटा. वाटी कोमट झाली आणि योगर्ट ओघळेल इतके सैल झाले की ते सगळे पातेल्यात घालून हलक्या हाताने ढवळा. यानंतर पुन्हा उकळी आणायची नाही. दुसऱ्या दिवशी गरम करायचे असेल तर मंद आचेवर, वाफ येईपर्यंतच. सूप, भाज्यांचा दाट रस्सा, मशरूमचा सॉस, शिजलेल्या डाळी, सगळ्यांना ही एकच रीत लागू पडते.

पण काही पदार्थांत योगर्ट शिजलेलेच हवे असते, बराच वेळ, चव मुरेपर्यंत. तिथे पिठाचा आधार घ्यावा लागतो. २५० ग्रॅम योगर्टला १ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर थंड असतानाच, गुठळी न राहता फेटून घ्यायचे. गरम झाल्यावर स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि प्रथिनांच्या वाटेत आडवे येतात. प्रथिने एकमेकांपर्यंत पोहोचूच शकत नाहीत, म्हणून गुठळ्या होत नाहीत. गव्हाचे पीठ किंवा बेसनही हेच काम करते, फक्त त्यांची स्वतःची चव येते. हे मिश्रण मध्यम आचेवर सतत ढवळत हलकी उकळी येईपर्यंत न्यावे लागते. अर्धवट गरम करून सोडले तर स्टार्च फुगत नाही, आणि कच्च्या पिठाची चव जिभेवर राहते. थोडक्यात, पिठाशिवायचे योगर्ट उकळायचे नाही, आणि पीठ घातलेले उकळल्याशिवाय सोडायचे नाही. अंड्याचा पांढरा बलक फेटून घातला तरी योगर्ट टिकते. मध्यपूर्वेतल्या स्वयंपाकात मांस योगर्टमध्ये शिजवताना ही युक्ती वापरतात.

पास्त्यात तर आधाराचा स्टार्च आयताच हाताशी असतो. पास्ता गाळताना त्याचे गढूळ पाणी कपभर बाजूला ठेवायचे. पास्ता पातेल्यात, गॅस बंद, आणि योगर्टमध्ये हे गरम पाणी थोडे थोडे फेटून ते वरून ओतायचे. किसलेले चीज, मिरपूड, लिंबाची किसलेली साल, एवढ्यावर सुंदर सॉस होतो. डबल क्रीममध्ये १०० ग्रॅममागे ४८ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, तेव्हा तितका गुळगुळीत जडपणा योगर्टमधून येणार नाही, ही अपेक्षा आधीच सोडलेली बरी. त्याची चव आंबूस आणि उजळ असते, आणि पास्त्याला मला तीच जास्त आवडते.

एवढे करूनही फाटलेच, तर फेकू नका. ते खायला पूर्ण सुरक्षित असते, बिघडलेला असतो तो फक्त पोत. पातेले उतरवून थोडे गार होऊ द्यावे आणि मिक्सरमधून फिरवावे. मग चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून त्यात घालावे आणि मंद आचेवर एकदा शिजवावे. पहिल्यासारखे रेशमी होणार नाही, पण पानात वाढण्याजोगे नक्की होते.

आणखी एक. योगर्टमधले जिवंत जिवाणू उष्णतेत टिकत नाहीत, ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते मरू लागतात. त्यामुळे शिजवलेल्या किंवा भाजलेल्या पदार्थातून ते मिळतील अशी आशा धरू नये. प्रथिने आणि कॅल्शियम मात्र शिजवून कुठे जात नाही.

मांस, मासे, भाज्या मुरवताना

लिंबूरसात किंवा व्हिनेगरमध्ये चिकन फार वेळ ठेवले की बाहेरचा थर पांढरट, खडूसारखा कोरडा होतो. तीव्र आम्ल पृष्ठभागावरची प्रथिने झपाट्याने आवळते. योगर्टचे आम्ल सौम्य असते, त्यामुळे हे काम हळू होते आणि हाताबाहेर जात नाही. पण योगर्टचा खरा उपयोग माझ्या मते मऊपणापेक्षा वेगळाच आहे. ते चिकटते. लसूण, जिरे, पाप्रिका, वाटलेली हिरवी पाने, जे काही त्यात कालवाल ते सगळे तुकड्याला धरून ठेवते. तेलाचे मिश्रण वाडग्याच्या तळाशी ओघळून जाते, योगर्टचे जात नाही. शिवाय त्यातली साखर आणि प्रथिने गरम तव्यावर किंवा ओव्हनमध्ये तांबूस होतात, आणि भाजल्याचा तो खमंग वास त्यातूनच येतो.

५०० ग्रॅम चिकनला १२५ ते १५० ग्रॅम योगर्ट, १ टीस्पून मीठ, १ टेबलस्पून तेल आणि आवडीचे मसाले पुरतात. ग्रीक योगर्ट फार घट्ट असेल तर चमचाभर पाणी किंवा लिंबूरस घालून सैल करा, नाहीतर ते खाचांत शिरत नाही, वरच्यावर थापले जाते. मीठ विसरू नका. आम्ल आणि मसाले मुख्यतः बाहेरच्या थरातच राहतात, आतपर्यंत पोहोचते ते मीठ, आणि शिजताना मांसातला रस धरून ठेवायलाही त्याचीच मदत होते. चिकन दोन तासांपासून रात्रभरापर्यंत मुरू द्यावे, मासे अर्ध्या तासाच्या वर ठेवू नयेत. फ्लॉवर, वांगी, मशरूम यांना मऊ व्हायला योगर्टची गरज नसते, त्यांना मसाला धरून ठेवण्यापुरतेच लावायचे आणि लगेच भाजायचे.

मुरवण्याचे भांडे काचेचे, स्टीलचे किंवा चिनी मातीचे घ्यावे. ॲल्युमिनियम आणि तांबे आम्लाशी रासायनिक क्रिया करतात. भाजायच्या आधी तुकड्यावरचे जास्तीचे योगर्ट बोटाने निपटून काढा, पातळसा थर राहिला पाहिजे. जाड थरातले पाणी आधी वाफ होऊन निघावे लागते, तोवर तुकडा भाजला न जाता उकडतो, आणि मग ते योगर्ट तव्याला चिकटून करपते. चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले की शिजले. कच्च्या मांसाला लागलेले उरलेले योगर्ट वरून ओतायला वापरू नये. वरून घालायला हवे असेल तर पहिल्यापासूनच वेगळे काढून ठेवा.

पीठ, केक आणि खायचा सोडा

भाजण्याच्या पदार्थांत योगर्टचे आम्ल कामाला येते. खायचा सोडा एकटा असताना गरम होऊनही पूर्ण फुलत नाही आणि साबणासारखी चव सोडतो. आम्ल भेटले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पीठ हलके होते. २४० मिली योगर्टला अर्धा टीस्पून सोडा, हे प्रमाण लक्षात ठेवले तर बहुतेक ठिकाणी चालते. त्याहून जास्त सोड्याला पुरेसे आम्ल मिळत नाही, म्हणून आणखी फुगवटा हवा असेल तर बेकिंग पावडर घालावी. योगर्ट आणि सोडा एकत्र आले की बुडबुडे तिथल्या तिथे सुरू होतात. मिश्रण कालवून ठेवून द्यायचे नाही, ओव्हन आधी तापलेला हवा.

ताकाऐवजी वापरताना तीन भाग ग्रीक योगर्टमध्ये एक भाग पाणी किंवा दूध फेटून घ्या. सावर क्रीमऐवजी तितकेच योगर्ट जसेच्या तसे चालते. तेल-लोण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि इथेच केक बिघडतात. तेल म्हणजे १०० टक्के स्निग्धांश, ते पिठातल्या प्रथिनांवर थर धरते आणि ग्लुटेन, म्हणजे त्या प्रथिनांचे चिवट जाळे, वाढू देत नाही, म्हणून केक भुसभुशीत होतो. योगर्ट म्हणजे मुख्यतः पाणी, आणि पाणी मिळाले की ग्लुटेन वाढते. सगळे तेल काढून तितकेच योगर्ट घातले तर केक ओलसर पण चिवट होणारच. पाककृतीतले निम्मे तेल ठेवा, निम्म्याच्या जागी योगर्ट घाला, आणि पीठ घातल्यावर कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच कालवा. मफिन, केळ्याचा ब्रेड, लिंबाचा केक यांना हे छान मानवते. कुरकुरीत बिस्किटांना मुळीच नाही. त्यांना पाणी नकोच असते.

ज्यांनी कधीच ग्रीक योगर्टने पीठ मळलेले नाही त्यांनी एकदा हे करून पाहावे. २०० ग्रॅम मैदा, अडीच टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून मीठ आणि २०० ग्रॅम योगर्ट. यीस्ट नाही, पीठ फुगण्याची वाट पाहणे नाही. आधी चमच्याने कालवा, मग हाताने दोन मिनिटे मळा. सुरुवातीला पीठ बोटांना चिकटते, आणि इथे लगेच मूठभर मैदा भुरभुरण्याचा मोह होतो. तो टाळा, मळता मळता पीठ पाणी ओढून घेते आणि गोळा सुटा होतो. १० मिनिटे झाकून ठेवा. चार-पाच मिलिमीटर जाड लाटून कडक तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटे भाजा. बाहेरून डाग पडलेला आणि आतून मऊ असा चपटा ब्रेड मिळतो. याच पिठाचा पिझ्झाही होतो. बिनस्निग्धांशाचे योगर्ट असेल तर पीठ ओलसर वाटते, स्निग्धांशाचे असेल तर ब्रेड जास्त मऊ राहतो.

न शिजवता

थंड पदार्थांत योगर्ट जवळजवळ बिघडतच नाही, आणि सुरुवात इथूनच करावी. मेयोनीजमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ७५ ग्रॅम स्निग्धांश असतो. बटाट्याच्या किंवा चिकनच्या सॅलडमध्ये त्यातले निम्मे काढून योगर्ट घातले तर चव हलकी होते आणि मेयोनीजचा गुळगुळीतपणाही टिकतो. पूर्ण बदलले तर सॅलड फार आंबट लागते. तसे करायचेच असेल तर चमचाभर ऑलिव्ह तेल आणि चिमूटभर साखर सोबत घालावी.

ग्रीसमधल्या त्झात्झिकीत काकडी, लसूण आणि योगर्ट एवढेच मुख्य असते, आणि ती पातळ होण्याचे कारण काकडीचे पाणी. काकडी किसून मीठ लावून १५ मिनिटे ठेवायची आणि मुठीत घट्ट पिळायची. जितके पाणी निघेल ते पाहून आश्चर्य वाटते, आणि हे सगळे एरवी योगर्टमध्येच उतरले असते. कच्चा लसूण झोंबत असेल तर तो आधी लिंबूरसात किसून पाच-दहा मिनिटे ठेवावा. लसणाचा झणका एका एन्झाइममुळे तयार होतो आणि आम्लात ते एन्झाइम मंदावते. मग योगर्टमध्ये लसणाची चव येते, जळजळ येत नाही.

हेच लसणाचे योगर्ट बशीत पसरून त्यावर गरम पाण्यात फोडून शिजवलेली अंडी आणि मिरचीचे गरम लोणी घातले की तुर्कस्तानातले चिल्बिर होते. एवढ्या थोड्या मेहनतीत इतका भरगच्च नाश्ता दुसरा मला माहीत नाही. भाजलेल्या भाज्या, उकडलेले चणे, कटलेट, सगळ्यांखाली असे योगर्ट पसरावे. वर ओतण्यापेक्षा खाली पसरलेले चांगले, कारण भाजलेला कुरकुरीत भाग वर कोरडा राहतो.

गोड बाजूला सांगण्यासारखे थोडे आहे. ५० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम योगर्ट आणि १२० मिली दूध रात्री कालवून ठेवले की सकाळचे खाणे तयार. फळे घालताना एवढी काळजी घ्या की ताजे अननस आणि ताजे किवी योगर्टमध्ये आधीपासून मिसळून ठेवू नका. दोन्हींत प्रथिने तोडणारी एन्झाइम असतात. तासाभरात योगर्ट पातळ आणि कडवट होते. खाताना वरून घातले तर काही बिघडत नाही, आणि डब्यातले किंवा शिजवलेले अननसही चालते, कारण उष्णतेने ती एन्झाइम निकामी झालेली असतात. योगर्ट गोठवून आइस्क्रीम करायचे असेल तर साखर किंवा मध पुरेसा हवा. योगर्टमध्ये पाणी जास्त आणि साखर थोडी असते, म्हणून नुसते गोठवले तर दगड होते. साखरेने गोठणबिंदू खाली जातो आणि चमचा आत शिरतो.

उघडलेला डबा

डबा ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावा आणि उघडल्यावर आठवडाभरात संपवावा. प्रत्येक वेळी कोरडा, स्वच्छ चमचा घ्या. बाहेर टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. वर साचलेले पाणी म्हणजे व्हेच, योगर्ट खराब झाल्याची ती खूण नव्हे. चमच्याने खड्डा केला की जाळे तिथे तुटते आणि पाणी त्या खड्ड्यात जमते, म्हणून काढताना वरून सपाट काढत गेले तर कमी सुटते. घट्ट हवे असेल तर ते ओतून घ्या, नाहीतर परत ढवळा. बुरशीचा ठिपका दिसला, मग तो केवढाही असो, तर सगळा डबा टाकून द्यावा. मऊ पदार्थात बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, वरचा थर काढून भागत नाही.

डीप फ्रीजरमध्ये ठेवता येते, पण बर्फाचे स्फटिक जाळे फाडतात, त्यामुळे वितळल्यावर योगर्ट रवाळ होते आणि पाणी सोडते. बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा भरून गोठवावे आणि ते तुकडे स्मूदीत, मुरवणीत किंवा केकच्या मिश्रणात वापरावे, तिथे पोत आड येत नाही. नुसते खायला किंवा गरम सॉसमध्ये घालायला ते घेऊ नये. घरी गाळताना निघालेला व्हे बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर काही दिवस टिकतो. ब्रेडचे पीठ मळताना पाण्याऐवजी तो घाला, किंवा तांदूळ आणि कडधान्ये शिजवताना पाण्यात थोडा मिसळा. कडधान्ये मात्र आधी मऊ शिजू द्यावीत आणि व्हे मागाहून घालावा, कारण आम्लात त्यांचे साल लवकर मऊ पडत नाही.